खालचा बोल्ट

चाचांना घाई खपत नसे आणि मला घाईशिवाय दुसरं काही येत नसे. तरी एकाच जिन्याच्या वर-खाली आम्ही सहा वर्षं काढली. ते खाली, मी वर, आणि अंगणात त्यांची ती पांढरी, वीसेक वर्षांची गाडी. त्या गाडीला कुठल्याही गॅरेजवाल्याचा हात लागलेला नाही, हे नारायणगावला लागूनच्या वारूळवाडीतल्या आमच्या गल्लीत लहानथोरांना पाठ होतं.

मी मुळातला घाबरट. कुकरची शिट्टी लांबली तरी माझ्या पोटात गोळा येतो. चाचांच्या पोटात कधी गोळा आला असेल असं वाटत नाही. आला असता तरी तो नेमका कुठून आला हे त्यांनी आधी शोधलं असतं आणि मगच घाबरायचं की नाही ते ठरवलं असतं.

खोली बघायला गेलो तेव्हा खिशात आधार कार्ड, पगाराचा दाखला, दोन फोटो, सगळं घेऊन गेलो होतो. चाचा ओट्यावर पंखा उघडून बसले होते. कागदांकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"हात दाखव," म्हणाले.

मला वाटलं, ज्योतिष बघतात. त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरून मापलं. "बारीक हाय. काम काय करतो?"

मी सांगितलं, जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. गाई-म्हशींचं रेतन करतो, गाभण आहेत का ते तपासतो.

"म्हंजे हात आत घालून? न बघता?"

"हो."

"मग ऱ्हा इथंच."

त्यानंतर जो कोणी आमच्या अंगणात येई त्याला ते माझी ओळख करून देत, "ह्याच्या बोटाला डोळं हायेत." मला संकोच वाटायचा. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

तरुणपणापासून तीस वर्षं चाचा एका तमाशाच्या फडात जनरेटर सांभाळायला होते. नारायणगावात तमाशातल्या माणसांचं कुणाला अप्रूप नाही, पण चाचांची गोष्ट न्यारी होती. तीस वर्षांत त्यांनी एकही खेळ पाहिला नव्हता. तंबूच्या मागं, प्रेक्षकांकडं पाठ करून, जनरेटरशेजारी पत्र्याच्या डब्यावर बसायचं. आत काय चाललंय ते त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळे. सगळे दिवे लागून इंजिन दबलं की गौळण सुरू झाली. हलकं झालं की वगातला रात्रीचा प्रवेश. एकदा मी विचारलं, "चाचा, एकदाही वाटलं नाही आत डोकवावं?"

"मी आत बघत बसलो आन् लाईट गेली, तर आतल्यांनी काय बघायचं?"

 

गाडीचं काम काढलं की ते चाचीचा मिसळणाचा डबा घेऊन येत. प्रत्येक वाटीत एकेका जागचे बोल्ट. चाचीनं मसाल्यासाठी दुसरा डबा आणला आणि तो ट्रंकेत कुलपात ठेवला. जुन्या डब्यात मसाल्याचा वास मात्र तसाच राहिला. एकदा एअर फिल्टरच्या स्क्रूंबरोबर मोहरीचे चार दाणे निघाले. चाचांनी ते फडक्यानं पुसून वेगळे काढून ठेवले. म्हणाले, "कुठनं निघालं ते कळल्याबिगर टाकायचं नाय." मी हसलो. ते हसले नाहीत.

पण गाडी ते चालवत मात्र फारशी नसत. जुन्नरला नातेवाइकांकडं, कधी मंचरला दवाखान्यात, एवढंच. माझ्या वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ह्या गाडीला खरं काम लागलं.

बाबा घाटघरला. आमचं गाव नाणेघाटाच्या तोंडाशी, तिथून नारायणगावच्या डायलिसिस सेंटरपर्यंत दीड तास. दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं. माझ्या खोलीवर राहा म्हटलं तर जिना चढवत नाही, खाली राहा असं चाचांनी म्हटलं तर "तुमच्यात कशाला आडचण," आणि खरं कारण वेगळंच. गावी भातखाचरं होती, एक म्हैस होती आणि दारात बसलं की समोर डोंगर दिसायचा. एक दिवस चाचा मला जिन्यात अडवून म्हणाले, "मंगळवार-शुक्रवार गाडी नुसतीच उभी असती." बस, एवढंच. त्या दिवसापासून पहाटे निघून बाबांना आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं हे चालू झालं. पैशाचा विषय मी एकदाच काढला. त्यावर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली आणि एक शुक्रवार चुकला. एकच. रविवारी मी कसाबसा घरी पोचलो तर बाबा खांबाला टेकून बसलेले. आडवं झालं की छातीत पाणी दाटायचं, श्वास मिळायचा नाही. दोन रात्री त्यांनी तशाच बसून काढल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाले, "पावसाचं काय करणार?" तो आवाज मी विसरलो नाही. त्या दिवसापासून मंगळवार आणि शुक्रवार हे माझ्यासाठी वार राहिले नाहीत, धाक झाले.

आणि मे महिन्यातल्या एका मंगळवारी, बाबांना परत सोडायला जाताना, अंजनावळ्याच्या चढणीवर काटा वर सरकला.

काटा म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा. मी पुढं बसलो होतो. आधी वाटलं उन्हामुळं भास होतोय. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. चाचांनी शांतपणे गाडी कडेला घेतली, बाबांना एका आंब्याखाली बसवलं आणि इंजिन जरा निवल्यावर दोन पाइपांना हात लावून बघितला. त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांचा रागच आला.

"ये, हात लाव. इंजन बघ कसं भट्टीवानी झालंय. आन् हा रेडिएटरला जाणारा पाइप? गार! म्हंजे मधला वॉल उघडत नाय."

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन ठरावीक गरम झालं की तो उघडतो आणि आतलं पाणी रेडिएटरमध्ये थंड व्हायला सोडतो. आमचा मिटून बसला होता. चाचांनी पाणी भरलं आणि इंजिनाची उष्णता निघावी म्हणून आतला हिटर पूर्ण सोडला. मे महिन्यात, खिडक्या उघड्या टाकून, गरम वाऱ्याचे झोत खात आम्ही घाटघर गाठलं. बाबा म्हणाले, "डाक्टर पाणी पिऊ देत न्हाईत, आन् तुमी हाय ते बी काढून घेताय व्हय?" दोघं म्हातारे खदाखदा हसले. मी मनातल्या मनात शुक्रवार मोजत होतो. मंगळवार संपला. बुधवार, गुरुवार. दोनच दिवस.

बुधवारी सकाळी मी गपचूप एका गॅरेजवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला, आणा, वॉल काढून फेकून देतो, अर्ध्या तासाचं काम. आपल्याकडं हवा गरमच असते, वॉल लागतच नाही, सगळेच काढतात. मी उड्या मारत चाचांकडं आलो.

"काढून फेकतो म्हनला? मग कंपनीनं तो काय शोभेला बसवला व्हता?" चाचा म्हणाले. "इंजनाला ऊब लागती पोरा. सदा गार राहिलं तर ते आतनं झिजतं. दिसत नाय, पर झिजतं."

"चाचा, पण शुक्रवार…"

"शुक्रवार शुक्रवारी हाय."

मी जीपवाल्यांना फोन लावले. लग्नसराई होती. घाटघर-आपटाळे पट्ट्यातल्या एकूण एक जीपा वऱ्हाडात गुंतलेल्या. गावातून सकाळी निघणारी एसटी सेंटरची वेळ टळल्यावर पोचते, आणि त्या गर्दीत बाबा उभे राहू शकत नाहीत. तेव्हा ही पांढरी गाडी, नाहीतर काही नाही.

नवा वॉल बुधवारी संध्याकाळी आला. चाचांनी तो आधी चाचीच्या चहाच्या पातेल्यात उकळला. पाणी खदखदायला लागल्यावर त्याचं झाकण हळूच उघडलं, तसे चाचा समाधानानं मान हलवत राहिले. पातेलं फेकून द्यावं की घासावं ह्यावर चाची दोन दिवस बोलत होती. जुना वॉल त्याच पाण्यात टाकला तर तो शेवटपर्यंत मिटलेलाच. "आता कळलं का दोष कुणाचा?" चाचा म्हणाले. मला दोष कुणाचा ह्यात रस नव्हता. मला शुक्रवार हवा होता.

गुरुवारी मी रजा टाकली. वॉलवरच्या झाकणाला दोन बोल्ट. वरचा समोरच दिसणारा, तो दहा मिनिटांत निघाला. खालचा मात्र कुणी हरामखोरानं मुद्दाम लपवल्यासारखा, एका पाइपाच्या आणि लोखंडी पट्टीच्या मागं. दिसत नाही, पाना सरळ जात नाही, आणि गेला तरी जेमतेम बोटभर फिरतो. चाचांचा पंजा रुंद, मनगटाशीच अडकायचा. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि माझ्याकडं बघितलं.

"तुझा हात म्हशीच्या पोटात जातो. इथं का नाय जाणार?"

"म्हैस मऊ असते, चाचा."

"डोळं मिट. बघायला गेलास तर चुकशील."

मी डोळे मिटून हात घातला. खरंच, बोटांना बोल्टचं डोकं लागलं. पाना बसवायचा, बोटभर फिरवायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. चाचा शेजारी उभे राहून इंजिनाशी बोलावं तसं बोलत होते, "सावकाश. आटं जातील. त्याला वाटलं पाहिजे आपनहून निघतोय." दोन तास लागले. बोल्ट हातात आला तेव्हा माझा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. चाचांनी तो मिसळणाच्या डब्यात, एकट्याच्या वाटीत ठेवला.

झाकणाखालचं जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडण्यात दुपार गेली. चाचांनी कणभरही ठेवलं नाही. माझे डोळे घड्याळावर. नवा वॉल बसला, नवं पॅकिंग, त्याला पेस्ट, वर झाकण, वरचा बोल्ट आवळला. तेवढ्यात तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली. चाचांनी हात धुतले.

"मी नमाज पढून येतो. खालचा बोल्ट नुसता हातानं लाव. पाना नाय लावायचा. आट्यात बसला का थांब, मी आल्यावर ताणू."

ते गेले. मी बोल्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून हात आत घातला. तो भोकाशी लागत होता, पण तिरका. परत काढला, परत घातला. तिसऱ्यांदा घालत होतो तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या हातानं उचलला. बाबा होते.

"उद्या येताय ना रं?"

"येतोय. तुम्ही दमलाय का?"

"न्हाई. जरा जड वाटतंय, एवढंच."

जड वाटतंय म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी फोन खिशात टाकला, चिमटी जरा जोरात दाबली आणि बोल्ट सुटला. टण् असा एकदा आवाज झाला. जमिनीवर पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी गाडीखाली शिरलो. फरशी चाचपली, खाली अंथरलेलं पोतं झटकलं, हात घालून इंजिनाच्या खाचाखोचा तपासल्या. नाही. डब्यातल्या सगळ्या वाट्या उलट्या केल्या. त्या मापाचा दुसरा बोल्ट नव्हता. आणि कोपऱ्यावरून चाचांच्या चपला ऐकू यायला लागल्या.

त्या वेळी मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो. बोल्ट हरवला म्हटलं तर हा माणूस सगळं परत उघडणार. बोल्ट सापडेपर्यंत गाडी अंगणातून हलू देणार नाही, मग शुक्रवार उलटून शनिवार येवो. वरचा बोल्ट घट्ट आहे. पेस्ट लावली आहे. एक दिवस निघेल. शनिवारी मी स्वतः सांगेन. आणि ह्या सगळ्याच्या बुडाशी एक लहान, लाजिरवाणी गोष्ट होती. माझ्या बोटाला डोळे आहेत असं हा माणूस गावभर सांगत होता.

"बसला?" चाचांनी विचारलं.

"बसला."

"हातानंच?"

"जरा पान्यानंही ताणला. तुमचा हात जात नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि मान हलवली. मग आम्ही पाणी भरलं, कूलंट टाकलं, दहा मिनिटं इंजिन चालवलं. खाली एक थेंब आला नाही. मला इतकं हायसं वाटलं की खोटं बोललोय हेसुद्धा थोडा वेळ विसरलो. रात्री मात्र तळमळत राहिलो, पहाटे कधीतरी डोळा लागला.

शुक्रवारी सकाळी सहाला खाली उतरलो तर चाचा स्टिअरिंगवर बसलेले, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मे महिन्यात कशाला, असं मनात आलं आणि गेलं. माझं सगळं लक्ष काट्यात होतं.

चाचा एरवी वाटेत थांबत नसत. त्या दिवशी जुन्नरला चहाला थांबले. चहा पिताना म्हणाले, "काय म्हणतोस?"

"काही नाही."

आपटाळ्याला परत थांबले, पाणी प्यायला. "बोल काहीतरी," म्हणाले. "लई गप हायेस."

"बाबांची काळजी वाटते."

"ती तर असतीच."

चावंडचा किल्ला मागं पडला. चढणी सुरू झाल्या. प्रत्येक चढणीला मी सीटची कड धरून बसत होतो. काटा मधोमध. वळण, चढण, काटा मधोमध. मला वाटलं, अजून तापायचाय. जाताना गाडी हलकी आहे, येताना बाबा असतील, ऊन असेल, मग फुटेल. वाफ येईल, पाइप सुटेल, आणि बाबा परत एका झाडाखाली, ह्या वेळी छातीत तीन दिवसांचं पाणी घेऊन. दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं.

बाबा दारातच बसले होते. पाय सुजून चपला जात नव्हत्या. पानांच्या द्रोणात चाचांसाठी करवंदं. मागच्या सीटवर ते टेकून न बसता पुढं वाकून बसले, आणि त्यांचा श्वास मला इंजिनापेक्षा मोठा ऐकू यायला लागला. अंजनावळ्याचा उतार गेला, मग पुढची चढण. मी काट्याकडं बघत होतो, आरशातून बाबांकडं, परत काट्याकडं. चाचा करवंदं खात होते. काटा मधोमध. जुन्नर आलं, काटा मधोमध. नारायणगावच्या सेंटरच्या दारात गाडी थांबली तेव्हाही काटा मधोमध.

चाचा उतरले, त्यांनी मागचं दार उघडलं आणि बाबांना हात दिला. बाबांनी तो धरला, जोर दिला, आणि शर्टाची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलपटलेली, वर हळद चोपडलेली. मनगटाच्या वर मांस दिसत होतं.

"आरं देवा! ह्ये काय लागलं वो?" बाबा म्हणाले.

"काय नाय. इंजनात आडचण लई. तुमच्या पोराचा हात जात व्हता म्हणून निभावलं. खालचा बोल्ट त्यानंच बसवला."

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना दम लागला होता. सिस्टरनं त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं.

मी आणि चाचा गाडीशी उरलो. मी विचारलं, "कधी?"

"पहाटं. गाडी जरा मागं घेतली, तवा इंजनाखालच्या पत्र्यावरनं बोल्ट पोत्यावर पडला."

"तुमचा हात तर जात नव्हता."

"घातला."

"मग मला सांगितलं का नाही? मी सगळ्या वाटेनं मरत होतो, चाचा."

"म्या बघितलं की." त्यांनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं. "जाताना आपन दोघंच व्हतो गाडीत. दीड तास. दोनदा थांबलो. मग मागं बाप येऊन बसला, तरी तू गप."

आवाज चढला नव्हता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सीटवरचा द्रोण उचलला, उरलेली करवंदं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा आत. मी हाय इथं."

मी आत गेलो. बाबांच्या दंडात सुया टोचून झाल्या होत्या, मशीन फिरत होतं, आणि श्वास जरासा मोकळा झाला होता. शेजारच्या खाटेवर निरगुडसरचे एक आजोबा होते, आमच्याच वेळेला येणारे. बाबा त्यांना सांगत होते, "गाडी बंद पडली व्हती, तर माझ्या पोरानं घरीच दुरुस्त केली. जिथं कुनाचा हात जात न्हाई, तिथं ह्याचा जातो."

आजोबांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी करवंदांचा द्रोण खिडकीत ठेवला आणि बाबांच्या पायाशी बसलो. खरं काय ते सांगायला माझ्यापुढं चार तास होते. मी त्यांचे पाय चेपत राहिलो.